अर्धं राहिलेलं गाऱ्हाणं

त्या दिवसांत मी घरी देवाजवळ दिवा लावणं सोडून दिलं होतं. देवाशी भांडण वगैरे केलं नव्हतं. भांडायलाही अंगात बळ लागतं. संध्याकाळी घरी आलं की दाराबाहेर चपला, पर्स, चाव्या पुसून घ्यायच्या, सरळ न्हाणीघरात शिरायचं, डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि देवघरासमोरून मान फिरवून स्वयंपाकघरात जायचं. आमचे हे एकदा म्हणाले, "अगं, निदान निरांजनातली वात तरी बदल, पार कोरडी पडली आहे." मी म्हटलं, "तुम्ही बदला की, तुम्ही तर दिवसभर घरीच असता." ह्यांचं स्टेशनरीचं दुकान बंद होतं, त्यामुळे ते खरोखरच घरी असत आणि ते बोलणं त्यांना लागलं असणार. त्यांनी वात बदलली नाही, मीही बदलली नाही. ती तशीच राहिली.

नौपाड्यातल्या एका लहानशा खासगी हॉस्पिटलमध्ये मी बरीच वर्षं रिसेप्शन सांभाळते आहे. एरवी आमचं काम म्हणजे नंबर लावून देणं, फाइल काढून देणं आणि "डॉक्टर राउंडला गेलेत, बसा जरा" हे वाक्य न चिडता म्हणणं. महामारीची दुसरी लाट आली आणि ते सगळं मोडलं. फोन ठेवला की वाजायचा. लोक मला गणपतीची शपथ घालत, स्वामींची घालत, कुणी अल्लाची, कुणी येशूची. एका बाईनं तर आपल्या कुलदेवीचं नाव सांगून म्हटलं की तुमच्या नावानं ओटी भरीन, पण एक बेड द्या. एवढ्या सगळ्या देवांच्या वतीनं उत्तर द्यायला मात्र मी एकटी होते आणि माझ्याकडे उत्तर एकच होतं, "बेड नाही हो." असं दिवसभर म्हटल्यावर संध्याकाळी कुठल्या तोंडानं देवासमोर बसायचं?

आमच्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. टाळ्या डॉक्टरांसाठी वाजल्या, सिस्टरांसाठी वाजल्या, आणि त्या वाजायलाच हव्या होत्या. पण ऑक्सिजन संपला तर शिव्या खाली काउंटरवरच्या माणसाला पडतात. एकानं आमच्या काउंटरची काच मूठ मारून फोडली. त्याचा बाप बाहेर रिक्षात होता, मी त्याला काय बोलणार? माझ्याबरोबरची स्नेहल आजारी पडली आणि तिचंही काम माझ्याकडे आलं. मास्कच्या दोऱ्यांनी कानांमागे जखमा झाल्या होत्या. बाथरूमला उठायला नको म्हणून मी पाणी पीत नसे. घरी कुकरची शिट्टी झाली तरी फोनच वाजतोय असं वाटून हात पुढे जायचा. सोसायटीतल्या लोकांनी मला लिफ्ट वापरू नका असं गोड शब्दांत सांगितलं, तेही मी ऐकून घेतलं. हे मात्र हसवायचे. एकदा सकाळी म्हणाले, "काल झोपेत तू मलाही 'बेड नाही' म्हणालीस. मी काय आता गॅलरीत झोपू?" त्या महिन्यात मी तेवढीच एकदा हसले असेन.

संध्याकाळी एक काम ठरलेलं असे. वरच्या मजल्यांवर नातेवाइकांना सोडत नव्हते, म्हणून मोठ्या सिस्टर इंटरकॉमवरून एकेका पेशंटची तब्येत मला सांगत आणि मी ती त्यांच्या घरी कळवत असे. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की खोटी आशा द्यायची नाही आणि घाबरवायचंही नाही. 'स्थिर आहे' किंवा 'गंभीर आहे', एवढंच सांगायचं. 'स्थिर' हा शब्द मी इतक्या वेळा उच्चारला की त्यातलं सगळं सत्त्व निघून गेलं. पलीकडचा माणूस विचारायचा, "स्थिर म्हणजे बरं ना?" मी म्हणायची, "स्थिर म्हणजे स्थिर." आणि पुढचा फोन लावायची.

या फोनांत एक फोन डोंबिवलीजवळच्या कोपरला जायचा. राऊळकाका म्हणून एक वयस्कर गृहस्थ होते, मूळचे मालवणकडचे. त्यांच्या घराण्याकडे गावच्या देवळात गाऱ्हाणं घालण्याचा मान होता, पण काका तरुणपणीच नोकरीसाठी डोंबिवलीला आले ते इथलेच झाले. त्यांची पत्नी आमच्याकडे अॅडमिट होती, मुलगा मस्कतला अडकला होता आणि काका घरात एकटे. पहिल्या रिंगलाच फोन उचलत. मी 'काकू स्थिर आहेत' म्हटलं की शांतपणे "व्हय" म्हणत. पुढे काही विचारत नसत. मग म्हणत, "तू जेवलंस काय गो बाय?" पहिल्यांदा मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. आम्हाला कुणी हे विचारत नसे. मी "हो" म्हणून खोटं बोलले. नंतर मात्र तो फोन मी मुद्दाम शेवटी लावायला लागले. त्यांचा नंबर लावताना मला कुठे बघावं लागत नव्हतं, बोटांनाच पाठ झाला होता.

आणि मग ह्यांना ताप आला. मीच आजार घरी आणला, दुसरं कोण आणणार? ते घरातून बाहेर पडतच नव्हते. पाहता पाहता श्वास लागायला लागला. स्टाफच्या घरच्यांसाठी डॉक्टरांनी एक बेड राखून ठेवला होता, तो ह्यांना मिळाला. ज्या तोंडानं सकाळी दहा जणांना नाही म्हटलं त्याच तोंडानं मी माझ्या माणसाला आत नेलं. लाज वाटली आणि हायसंही वाटलं. दोन्ही एकदम वाटू शकतं हे मला तेव्हा कळलं. ह्यांना लिफ्टमधून वर नेताना मी दारातच थांबले, कारण वर जायची परवानगी मलाही नव्हती. हे हात हलवून म्हणाले, "मिळाला बाई एकदाचा बेड."

मी घरी राहायला हवं होतं असं कुणीही म्हणेल. पण माझी तपासणी ठीक आली, स्नेहल अजून उठली नव्हती आणि घरी बसून मी भिंतीकडेच बघत बसले असते. इथं निदान ह्यांच्यासोबत एकाच छपराखाली होते. मी खाली, ते दोन मजले वर. संध्याकाळी मोठ्या सिस्टर एकेकाचं सांगत जायच्या आणि मध्येच ह्यांचा बेड यायचा. "स्थिर आहे," त्या म्हणायच्या आणि क्षणभर थांबायच्या. तो शब्द आता माझ्या कानावर पडत होता आणि मला विचारावंसं वाटायचं, स्थिर म्हणजे बरं ना? विचारायची नाही. त्यांच्याकडेही दुसरा शब्द नव्हता, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं!

त्यानंतर एका संध्याकाळी त्यांनी 'स्थिर' म्हटलं नाही. म्हणाल्या, "ताई, तुमच्या मिस्टरांना बायपॅपवर घेतलंय. ऑक्सिजनचं सॅच्युरेशन धरत नाहीये. डॉक्टर तिथेच उभे आहेत." बायपॅप म्हणजे तोंडावर घट्ट बसवलेल्या मास्कमधून जोरानं श्वास देणारं मशीन. त्याच्या पुढची पायरी कोणती ते मला माहीत होतं आणि त्या पायरीवरून परतलेली माणसं फार थोडी होती, हेही माहीत होतं. घरोघरी कळवायचे फोन झाले होते. राऊळकाकांनाही थोड्याच वेळापूर्वी 'काकू स्थिर आहेत' सांगून झालं होतं. आता कल्याणला माझ्या दिरांना कळवायला हवं होतं. मी नंबर दाबला. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"काय झाला? काय झाला ता सांग बाय."

आवाज राऊळकाकांचा होता. दिरांचा समजून बोटांनी सवयीचा नंबर दाबला होता. आमच्या कामात ही चूक साधी नव्हे. एकाच संध्याकाळी हॉस्पिटलमधून दुसऱ्यांदा फोन येतो तो एकाच कारणासाठी येतो, हे प्रत्येक घराला कळून चुकलं होतं. त्या एकट्या म्हाताऱ्या माणसाला मी विनाकारण मरणाच्या दारात उभं केलं होतं.

"नाही काका, नाही! काकू ठीक आहेत. फोन चुकून लागला हो, माफ करा," मी घाईघाईनं म्हटलं. फोन ठेवायला हवा होता, पण हात पुढे गेला नाही. "माझ्या मिस्टरांना वर मशीनवर ठेवलंय," एवढं तोंडून गेलं आणि इतके दिवस अडवून धरलेलं सगळं रडू तिथेच काउंटरवर फुटलं.

पलीकडून काकांचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाले, "रडा नको गो बाय. ऐक माजा. मी रोज सांजेक देवाक गाऱ्हाणा घालतंय. पण घरात व्हय म्हणूक कोण नाय. एकट्यान घातलेला गाऱ्हाणा अर्धाच ऱ्हवता. आज तू व्हय म्हणशीत?"

मी साताऱ्याकडची. कोकणातलं गाऱ्हाणं मी एका मैत्रिणीच्या गावी एकदाच पाहिलं होतं. देवासमोर एकजण सगळ्यांच्या वतीनं मागणं मांडतो आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेला गाव एका आवाजात 'व्हय महाराजा' म्हणतो. तेव्हा मला त्याची गंमत वाटली होती. आता मी खुर्ची सोडून उभी राहिले, का ते कळलं नाही, आणि म्हटलं, "म्हणते काका."

मास्क आणि वरची प्लास्टिकची ढाल यांमुळे रिसीव्हर कानाला लावता येत नसे, म्हणून आमचा फोन कायम स्पीकरवरच असायचा. त्यामुळे काकांचा आवाज काउंटरवरून सगळ्या लॉबीत पसरला. त्या आवाजात मघाचं म्हातारपण नव्हतं.

"बा देवा महाराजा!"

"व्हय महाराजा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू आला.

"ही तुजी लेकरा आज दवाखान्यात पडली आसत, ज्येंका श्वास पुरणा नाय तेंका श्वास दी!"

"व्हय महाराजा." या वेळी मागून आणखी एक आवाज आला. दारावरचे यादव हात जोडून उभे होते. त्यांना मालवणी काय कळणार, ते आपले "हाँ महाराज" म्हणाले.

"ह्या चेडवाचो घरकार वर मशिनीर पडलो हा, माजी घरकारीणय थयच पडली हा. दोघांकय सांभाळ!"

चेडू म्हणजे मुलगी आणि घरकार म्हणजे नवरा, एवढं मला त्या मैत्रिणीमुळे ठाऊक होतं. डबा द्यायला आलेली एक बाई थांबली होती, तिनंही म्हटलं. बिलिंगच्या खिडकीतले गायकवाड उठून उभे राहिले. गायकवाड बौद्ध, आमच्या सत्यनारायणाच्या प्रसादालासुद्धा ते हसून नको म्हणतात. पण त्यांचाही आवाज मला स्पष्ट ऐकू आला. पुढे मी त्यांना त्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "ताई, मी देवाला नाही हो म्हटलं. तो म्हातारा माणूस एकटा बोलत होता, त्याला म्हटलं."

काकांनी डॉक्टरांसाठी मागितलं, सिस्टरांसाठी मागितलं. "ह्या फोनार बसलेल्या लेकरांच्या जिवाक थंडावो दी" असंही मागितलं. आमच्यासाठी देवाकडे कुणी काही मागितलेलं मी पहिल्यांदा ऐकत होते. प्रत्येक मागण्याला लॉबीतून होकार जात होता. माझा आवाज आता मोकळा झाला होता. आणि मग काका जरा थांबले आणि हळू म्हणाले,

"आणि देवा, तुज्या मनात जर दुसरा काय असात, तर ता सोसूचा बळ दी."

त्याला 'व्हय' मला म्हणता येईना. हे वाक्य मागणीत कशाला घातलं, असा काकांचा रागच आला. मला दुसरं काही चालणार नव्हतं, मला हे परत हवे होते. यादवांनी, त्या बाईनं, गायकवाडांनी आपापल्या परीनं हो म्हटलं. काका थोडा वेळ वाट बघत राहिले. माझा आवाज त्यात नव्हता हे त्यांना फोनवरूनही कळलं असावं. ते एवढंच म्हणाले, "ऱ्हवांदे बाय. जेवन घे." आणि फोन बंद झाला.

हॉस्पिटलच्या गाडीनं मी ठाकुर्लीला घरी आले. अंघोळ करून बाहेर आले आणि देवघरासमोर पाय थबकले. निरांजनातली वात काळी पडून तळाला चिकटली होती. नखानं ती खरवडून काढली, नवी वात वळली, तेल घातलं. दिवा लागल्यावर मी देवाला काहीच सांगितलं नाही. मागायचं ते काकांनी मागून झालं होतं, माझ्याकडे फक्त त्या शेवटच्या वाक्याचं उत्तर राहिलं होतं. बराच वेळ तशीच बसले. ह्यांच्याशिवायचं हे घर, हा दरवाजा, ह्यांची गॅलरीतली खुर्ची, सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. मग म्हटलं, "व्हय महाराजा." म्हणताना खूप रडले. पण त्या रात्री कितीतरी आठवड्यांनी मला झोप लागली, आणि झोपेत फोन वाजला नाही.

दुसऱ्या दिवशी ह्यांची तब्येत बिघडली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मग थोडं थोडं करत मशीनचा जोर कमी करता आला. यात देवाचं किती, डॉक्टरांचं किती आणि ह्यांच्या चिवट हाडांचं किती, हे मी ठरवत बसले नाही. ज्याचं त्यानं घ्यावं. त्या संध्याकाळी माझ्या बोटांना दिरांचा नंबर का सुचला नाही, याचाही मी शोध घेतला नाही. पण रोज संध्याकाळी फोन आटोपले की आम्ही काउंटरवर उभे राहायचो. काका फोनवरून गाऱ्हाणं घालायचे आणि आम्ही होकार द्यायचो. काम काही कमी झालं नव्हतं, बेड अजूनही नव्हते, शिव्याही तशाच पडत होत्या. तरी 'बेड नाही' म्हणताना मला आता समोरच्या माणसाचा श्वास ऐकू यायला लागला. त्याला आणखी कुठे विचारता येईल ते सांगायची, आणि फोन ठेवण्याआधी विचारायची, "तुम्ही जेवलात का हो?"

हे घरी यायच्या तयारीत होते, त्याच सुमारास काकूंची तब्येत ढासळली. मी आदल्या संध्याकाळी काकांना 'गंभीर आहे' असं कळवलं होतं. ते "व्हय" म्हणाले होते आणि गाऱ्हाणंही नेहमीसारखं घातलं होतं, त्या शेवटच्या वाक्यासकट. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू गेल्या. अशी बातमी डॉक्टर स्वतः द्यायचे, आम्ही नुसता फोन जोडून द्यायचो. त्या दिवशी मी डॉक्टरांना म्हटलं, हा फोन मला करू द्या. नंबर दाबताना मनात आलं, आज पहिल्या रिंगला उचलू नये. पण त्यांनी उचलला.

"काका," मी म्हटलं.

सकाळच्या वेळी आमचा फोन कधी जात नसे. त्यांना सांगायची गरजच नव्हती. पलीकडे भांड्यावर भांडं ठेवल्याचा आवाज आला, बहुतेक चहा करत असावेत. यादव दारातून माझ्याकडे बघत होते, गायकवाड खिडकीत उभे राहिले होते. आणि स्पीकरमधून अगदी हळू आवाज आला,

"व्हय महाराजा."

मी काउंटरवर डोकं टेकवलं. काकांनी नाक ओढलं, घसा साफ केला. म्हणाले, "तुजो घरकार कसो आसा गो?"

"उद्या घरी सोडतायत," मी कसंबसं म्हटलं. त्या माणसाला त्या क्षणी ही बातमी द्यायला माझी जीभ रेटत नव्हती.

"बरा झाला," ते म्हणाले. "बरा झाला बाय." ते त्यांनी मनापासून म्हटलं होतं, आवाजात कुठेही खोट नव्हती.

ह्यांच्या अंगात जरा जीव आल्यावर आम्ही दोघं कोपरला गेलो. काकूंचा चष्मा आणि हिरव्या बांगड्या मी हॉस्पिटलमधून घेऊन ठेवल्या होत्या. काकांना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. एवढ्या भरदार आवाजाचा माणूस चणीनं अगदी लहानसा होता. त्यांनी बांगड्या देवाजवळ ठेवल्या आणि चष्मा स्वतःच्या खिशात घातला. मग आम्हाला पाट दिले आणि म्हणाले, "आज दोघा आसास, आज गाऱ्हाणा पुरा होयत." त्यांनी काकूंसाठी घातलं. तिचा प्रवास सुखाचा होवो, वाटेत तिला कुणीतरी सोबतीला मिळो, असं काहीसं. ह्यांना अजून धाप लागत होती, तरी होकार देताना ह्यांचाच आवाज सगळ्यांत मोठा होता.

त्यालाही आता बराच काळ लोटला. हॉस्पिटल पुन्हा पहिल्यासारखं झालं, लोक पुन्हा नंबरावरून भांडतात, मीही पुन्हा 'डॉक्टर राउंडला गेलेत' म्हणते. देवानं माझ्या माणसाला दिलं आणि काकांच्या माणसाला नेलं, याचा हिशेब मला लागत नाही. काका गाऱ्हाणं रोज दोघांसाठी घालत होते. मी एवढंच शिकले की मागताना हात पुढे करायचा असतो, आणि मग त्यात जे पडेल त्यावर मूठ मिटायची असते. मला ते शिकवलं कोपरच्या एका म्हाताऱ्या माणसानं, आणि त्यासाठी माझा नंबर चुकावा लागला. त्या चुकीबद्दल मी रोज देवाचे आभार मानते.

आता संध्याकाळी फोन काकांकडून येतो. हे फोन स्पीकरवर टाकतात, मी निरांजन लावते. आधी "जेवलंस काय गो?" होतं, मग गाऱ्हाणं. शेवटच्या वाक्यापाशी मी अजूनही अडखळते. काका थांबतात, हे माझ्याकडे बघत बसतात, दोघंही घाई करत नाहीत. मग मी म्हणते.